चौक, माळवद, जांभा, कुड: जुन्यातली कोणती बांधणी परत यायला हवी?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

वाईजवळच्या आमच्या गावी पुढच्या वर्षी घर बांधायला घेणार आहोत. आर्किटेक्टने जे आराखडे दाखवले त्या सगळ्यांत मोठ्या काचा, सपाट स्लॅब आणि खोलीगणिक एसीची जागा. वर 'ट्रॅडिशनल लुक' म्हणून दारात दोन कोरीव खांब. मला हे उलटं वाटतं. खांब नसले तरी माझं काही अडत नाही, मला चौक हवा आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो. देशावर पेशवाईत आणि नंतरही शंभरेक वर्षं वाड्याची जी बांधणी रुळली, ती परत यायला हवी. नक्षी, महिरपी, हंड्या-झुंबरं यांबद्दल मी बोलत नाही. दगडी जोतं, दीड-दोन फुटी भिंत, लाकडी सांगाडा, मध्ये उघडा चौक आणि चौकाच्या चारी बाजूंनी ओसरी, एवढंच. रात्री चौकाची फरशी आणि भिंती उघड्या आभाळाखाली निवतात, गार हवा जड म्हणून खाली उतरते आणि ओसरीवरून खोल्यांत शिरते. दिवसा जाड भिंतीतून ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, तोवर बाहेर वारा सुटलेला असतो. ओसरीमुळे खोलीच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. विजेचं एक बटणही न दाबता हे सगळं चालायचं. पुण्यात विश्रामबाग वाडा १८०७ सालचा आहे. ऐन उन्हाळ्यात बाजीराव रस्त्यावरून त्याच्या चौकात शिरून बघा.

तर प्रश्न असा: तुमच्या मते जुन्यातली कोणती बांधणी परत यावी? आणि कुणी खरोखर तसं घर बांधलं असेल तर अनुभव सांगा.

पेठकर

+१. फक्त शहरात हे होणं नाही. पेठेतल्या तीन गुंठ्यांत चौक सोडायचा म्हणजे बिल्डरच्या लेखी एक टूबीएचके हवेत सोडायचा. वर साइड मार्जिन. जुने वाडे भिंतीला भिंत लावून उभे होते म्हणून तर उघडी जागा आत, मधोमध ठेवता यायची. आता नियमाने तीच जागा बाहेर चारी बाजूंना बोळ करून वाटावी लागते. त्या बोळात ना ऊन येतं ना वारा, फक्त ड्रेनेजचे पाइप उतरतात.

औसेकर

मी या धाग्यावर थोडं कडू लिहिणार आहे. मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला जे झालं ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. आठ हजारांच्या घरात माणसं गेली. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. माणसं भूकंपाने मेली म्हणतात, पण ती मेली जाड भिंतीखाली आणि माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली. वर्षानुवर्षं दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून माळवदावर मातीचा नवा थर टाकायचा. थरावर थर चढून दोन-दोन फूट माती डोक्यावर. ती एका झटक्यात खाली आली.

माळवदाच्या घरात उन्हाळा सुखाचा जातो हे मला कुणी शिकवू नये, मी त्याच घरात वाढलो. पण माझ्या आईने त्यानंतर कधीही छताखाली दगडी भिंतीला पाठ लावून झोप घेतली नाही. गावात पुढे जे कुणी बांधलं ते पत्र्याचं बांधलं. मे महिन्यात भट्टी होते, तरी पत्रा. जुनी बांधणी परत आणा म्हणणाऱ्याने आधी याचं उत्तर द्यावं.

रुईकर_अण्णा

औसेकर, तुमच्या लिहिण्यावर काय बोलावं कळत नाही. पुण्यातही पानशेत फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१, नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पाण्याच्या लोंढ्याने पडले नाहीत, पाणी ओसरल्यावर पडले. मातीच्या भिंती आतून भिजून बसल्या. त्या सालानंतर 'वाडा नको, आरसीसी हवं' हे पुण्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

स्ट्रक्चरवाली

औसेकरांचा मुद्दा या धाग्याचा कणा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. माझं कामच हे आहे.

किल्लारी भागातल्या भिंती जाड होत्या पण एकजीव नव्हत्या. बाहेरचा दगडाचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये गोटे आणि माती भरलेली. दोन्ही थर एकमेकांना शिवणारे लांब आरपार दगड घातलेलेच नव्हते, सांधे मातीचे. हादरा बसला की दोन थर फुगून सुटतात आणि भिंत पोटातून फुटते. वरचं माळवद टनावारी वजनाचं. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, त्यामुळे सरकारी बांधकामांतही कुणी काळजी घेतली नव्हती.

पण त्याच गावांत आणखी एक गोष्ट दिसली, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जिथे माळवद भिंतीवर न टेकता लाकडी खणावर उभं होतं, म्हणजे खांब, तुळई, कडीपाट असा पूर्ण सांगाडा होता, तिथे बऱ्याच घरांच्या भिंती पडल्या पण छत लाकडावर तरून राहिलं. आतली माणसं वाचली. जुन्या सुतारांचा खण हा भूकंपात साथ देणारा भाग होता. घात केला तो भिंतीच्या आळशी बांधणीने आणि मातीच्या ओझ्याने. पुढे लाकूड महागलं, खांब वगळून तुळया थेट भिंतीवर टेकवायला लागले, आणि तिथून हे घर धोक्याचं झालं.

काश्मीरमध्येही हेच. लाकडाच्या बारीक चौकटींत दगड-माती भरलेली धज्जी दिवारीची घरं ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात इतर दगडी घरांपेक्षा चांगली टिकली. पाकिस्तानच्या पुनर्वसन यंत्रणेने नंतर त्या पद्धतीला अधिकृत मान्यता दिली आणि लोकांनी मोठ्या संख्येने तशी घरं बांधली. जुनी पद्धत परत आली ती अशी, तपासून.

आपल्याकडेही मानकं आहेत. मातीच्या घरांसाठी आयएस १३८२७ आणि दगड-विटांच्या साध्या बांधकामासाठी आयएस १३८२८, दोन्ही १९९३ चीच. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली भिंतीभोवती काँक्रीटचा किंवा लाकडाचा सलग पट्टा फिरवा, आरपार दगड घाला, कोपऱ्याजवळ खिडकी काढू नका, छत हलकं ठेवा. यात अवघड काही नाही. कृष्णाकाठ, तुमचं वाई कोयनेपासून फार लांब नाही. १९६७ च्या डिसेंबरातला तिथला भूकंप विसरू नका. चौक जरूर ठेवा, पण जाड भिंत हवी म्हणून नुसती माती-दगडाची रचू नका.

औसेकर

ताई, खांबावर तरलेलं छत मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या गल्लीतलं एक घर तसंच उभं होतं. का उभं राहिलं हे कुणी आजवर असं समजावून सांगितलं नव्हतं.

माजघर

मला वेगळ्याच बाजूने बोलायचं आहे. ओसरी, चौक, पडवी सगळं छान. पण त्या घरात दिवसाचे सोळा तास कोण कुठे असायचं? पुरुष माणसं ओसरीवर, वाऱ्यात. बायका माजघरात आणि स्वयंपाकघरात, जिथे चुलीचा धूर आणि एक हातभर झरोका. दर दोन-चार दिवसांनी सारवण, सणावाराला पोतेरा, भिंतीला पोपडे आले की लिंपण. हे 'निसर्गस्नेही' काम गुडघ्यांवर बसून कुणी केलं? माझ्या आजीचे गुडघे सारवणाने गेले असं ती स्वतः म्हणायची. संडास मागच्या परसात, रात्री-अपरात्री कंदील घेऊन जायचं.

मला चौक आवडतो. पण परत आणताना स्वयंपाकघर चौकाला लागून, उजेडात आणा, मागे अंधारात नको. आणि वर्षाची डागडुजी कोण करणार हे घर बांधण्याआधी घरात बसून ठरवा.

कृष्णाकाठ

@माजघर, हे आर्किटेक्टला शब्दशः दाखवणार आहे. स्वयंपाकघर चौकाच्या पूर्वेला घ्यायचं आजच घरात ठरलं. सौ. म्हणाल्या, या ताईंना वास्तुशांतीला बोलवा.

माजघर

येईन. पण आधी झरोका मोजेन. :)

गावकुस

सारखा वाडा-वाडा चाललंय. वाडे गावात किती होते? दोन-चार. ते बांधले पाथरवटांनी, वडारांनी, सुतारांनी, आणि त्यांची स्वतःची घरं कुडाची होती. तर मी कुडाच्या बाजूने बोलतो. कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्या विणायच्या, दोन्ही अंगांनी शेण-माती लिंपायची, वर गवत किंवा कौलं. डहाणू-जव्हारकडे वारली पाड्यांवर अजून आहेत. भिंत हलकी, त्यामुळे हादऱ्यात पडली तरी जीव घेत नाही. साहित्य जंगलातलं. आणि बांबू तर आता आपल्याकडे शेतात लावतात, त्याला भाव मिळेल.

यात सुधारणा हव्यात हे मान्य. बांबूला वाळवी आणि भुंगा लागतो, तो बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून घ्यावा लागतो. भिंतीचं बूड जमिनीला टेकवायचं नाही, खाली दगडाचं जोतं घ्यायचं. पण घरकुल योजनेत गेलात की एकच साचा: चार भिंती, स्लॅब. पाड्यावरच्या माणसाला स्वतःच्या हाताने बांधता येणारं घर सोडून सिमेंटची पोती डोंगरावर वाहून न्यावी लागतात. ज्या दिवशी सुधारलेला कुड सरकारी यादीत 'पक्कं घर' म्हणून येईल त्या दिवशी खरं पुनरुज्जीवन झालं म्हणेन.

स्ट्रक्चरवाली

गावकुस यांच्याशी शंभर टक्के सहमत. 'कच्चं' आणि 'पक्कं' हे शिक्के साहित्यावरून मारले जातात, बांधणीवरून नाही. वाईट आरसीसी हे पक्कं धरलं जातं आणि उत्तम बांबूचं घर कच्चं.

देवरुखचो

कोकणाचं कुणी बोललंच नाही! आमचं घर जांभ्याचं, कौलारू, पुढे खळं, मग पडवी, मग ओटी. जांभा खाणीतून निघतो तेव्हा कापायला मऊ, हवा लागली की घट्ट होतो. शेजारच्या चिरेखाणीतला दगड, वाहतूक जवळजवळ नाही, गिलावा नाही केला तरी चालतो. चार महिने कोसळणाऱ्या पावसात उतरतं कौलारू छप्पर आणि लांब वळचण याला पर्याय नाही. सपाट स्लॅबचे बंगले आमच्याकडे तिसऱ्या पावसाळ्यात गळतात, मग स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचं छप्पर घालतात. म्हणजे छपराचा खर्च दोनदा.

पण वानर. कौलांचा खरा शत्रू पाऊस नाही, वानर आहे. टोळी आली की अर्ध्या तासात पन्नास कौलं फुटतात. दरवर्षी कौलं चाळायला माणूस मिळत नाही, मिळाला तर चढायला तयार नाही. गावातली निम्मी घरं याच एका कारणाने पत्र्याखाली गेली.

हर्णैकर

वानरांवर उपाय: कौलांखाली फळ्या किंवा पत्रा आणि वर कौल. कौल फुटलं तरी घर गळत नाही. आमच्याकडे तसं केलंय. मात्र ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा कौलंही गेली आणि शेजाऱ्यांचे पत्रेही. फरक एवढाच की आमची कौलं अंगणात पडली, त्यांचे पत्रे नारळीच्या बागेत उडून झाडं कापत गेले.

पेठकर

आमच्याकडे वानरं नाहीत, भाडेकरू आहेत. कौल फुटलं तर मालक म्हणतो भाडेकरूने बसवावं, भाडेकरू म्हणतो मालकाने. तीस वर्षं फुटलेलंच आहे.

बलकांव

गोव्यातून नमस्कार. आमच्या घरांना दारापुढे बलकांव असतो, दोन बाजूंनी बसायचे सोपे (कट्टे) आणि वर छप्पर. संध्याकाळी सगळा वाडो (वस्ती) तिथे. रस्त्यावरच्या माणसाशी बोलता येतं आणि तरी आपण घरातच असतो. हल्लीच्या बंगल्यांपुढे आठ फुटी कंपाउंड आणि कॅमेरा. मला परत हवं ते हे.

आणि शिंपल्यांच्या खिडक्या. लाकडी चौकटीत चपटे, अर्धपारदर्शक शिंपले बसवलेले, काच स्वस्त होण्याआधीच्या. भरदुपारीसुद्धा खोलीत दुधासारखा मऊ उजेड येतो, डोळ्यांना त्रास नाही. पण आता तो शिंपला वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, नवीन काढता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे जुनं घर पाडताना लोक खिडक्या भंगारात देतात तेव्हा जीव तुटतो. कुणाला तोर्डा गावातलं 'हाऊसेस ऑफ गोवा' संग्रहालय बघायला जमलं तर बघा, जुन्या घरांचे असे तपशील तिथे एकत्र दिसतात.

गिरगाव_ते_बेलापूर

शहराबद्दल निराशेचा सूर दिसतो, म्हणून दोन उदाहरणं. मुंबईतल्या ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती १९३०-४० च्या दशकांतल्या. २०१८ ला जागतिक वारसा यादीत आल्यावर लोकांना त्यांचे गोलसर कोपरे आणि अक्षरं दिसू लागली. माझं लक्ष मात्र खिडक्यांवरच्या सलग छज्ज्यांकडे जातं. इमारतीला कंबरपट्ट्यासारखा गुंडाळलेला छज्जा, ऊन-पाऊस दोन्ही अडवणारा. नव्या काचेच्या टॉवरांवर तो कुठे आहे? एक फुटाचा छज्जा दिला असता तर अर्धा एसी वाचला असता.

दुसरं, बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात केलेलं. सात-सात लहान घरं एका आठ मीटर चौकाभोवती, असे गट जोडत जायचे. भिंती सामायिक नाहीत, म्हणजे प्रत्येकाला आपलं घर हळूहळू वाढवता यावं. वाड्याचा चौक त्यांनी साध्या माणसांच्या वसाहतीत आणला, एकाही कोरीव खांबाशिवाय. आज तिथली कितीतरी मूळ घरं पाडून मोठे बंगले झालेत, पण चौक अजून चौकच आहेत, पोरं खेळतात. उंच इमारतीतही त्यांनी केलं: पेडर रोडची कांचनजंगा, जिथे व्हरांड्याची जागा दोन मजली उंच कोपऱ्यातल्या गच्च्यांनी घेतली. ती श्रीमंतांची इमारत आहे हे खरं, पण जमतं हे तर सिद्ध झालं.

नेकारकाठी

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. इथे लाकडी चौकटींत माती-गवत भरलेली कित्येक शतकं जुनी घरं गावोगाव आहेत आणि लोक त्यांत राहतात, संग्रहालय म्हणून नाही. वरून जुनं, आत आधुनिक हीटिंग आणि बाथरूम. मातीचा गिलावा इथे पोत्यात भरून दुकानात मिळतो, २०१३ पासून मातीच्या विटांना आणि गिलाव्याला राष्ट्रीय मानक आहे. त्यामुळे कंत्राटदार घाबरत नाही, विमावाला घाबरत नाही. आपल्याकडे शास्त्र आणि कारागीर दोन्ही आहेत. दुकानात जाऊन मागता येईल असं तयार साहित्य नाही.

चुनखडी

शेवटी कुणीतरी साहित्यावर आलं. आम्ही भोरजवळच्या जुन्या घराची दुरुस्ती चुन्यात केली. आधीच्या गवंड्याने जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला होता. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, ती भिंतीतच कोंडते. आतली वीट आणि माती भुसभुशीत झाली. सगळा गिलावा खरवडून काढला, तेव्हा अक्षरशः पाणी सुटलं. भिंत उन्हाळाभर तशीच उघडी ठेवून वाळवली आणि मग चुन्याचा गिलावा केला.

चुना घाईचा नाही. विरवून भिजत ठेवायचा, वाळूबरोबर घाणीत (दगडी चाकाच्या गिरणीत) मळायचा, आमच्या मिस्त्रीने गुळाचं आणि बेलफळाचं पाणी घातलं. पातळ थर, प्रत्येक थर वाळू द्यायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, त्याला वेळ लागतोच. खर्च सिमेंटपेक्षा जास्त आला, सगळा मजुरीत. मिस्त्री सत्तरीचे आहेत. त्यांच्या हाताखाली शिकायला जे दोन पोरगे होते ते आता पुण्यात फॉल्स सीलिंगचं काम करतात, कारण तिथे रोजचं काम मिळतं. मला विचाराल तर पुनरुज्जीवन इथे अडलंय. शैली आवडणारे हजार आहेत, चुना मळणारे शोधावे लागतात.

रुईकर_अण्णा

ज्यांना खर्चाची भीती आहे त्यांनी केरळात वास्तुविशारद लॉरी बेकरांची कामं बघावीत. तिरुवनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज, थंपानूरचं कॉफी हाऊस. विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची. विटा साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन आत येत नाही. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट नुसतं वजन असतं, तिथे जुनी मंगलोरी कौलं घालायची. खिडक्यांच्या जागी विटांची जाळी. जुन्या केरळी घरातलं जे कामाचं होतं ते त्यांनी उचललं आणि गरिबाच्या खिशात बसवलं. जन्म बर्मिंगहॅमचा, पण या मातीतल्या गवंड्याला त्यांच्याइतकं मानाने वागवणारे आपल्यात थोडे.

पेठकर

विटांची जाळी पाहिली आहे. सुंदर. डासांनाही आवडते.

चुनखडी

@पेठकर, आतून तारेची जाळी लावतात हो!

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. या धाग्यामुळे आमचा आराखडा बराच बदलला. आत्तापर्यंत ठरलेलं असं: चौक बारा बाय बारा फुटांचा, वर उघडा, तारेची जाळी. तीन बाजूंना ओसरी. भिंती बेकरांच्या पद्धतीने पोकळीच्या विटांच्या, पट्ट्यांसकट. ओसरीवर कौलं, खाली फळ्या (हर्णैकर, धन्यवाद). कोरीव खांब रद्द. आतला गिलावा चुन्याचा. चुनखडी यांच्या मिस्त्रींशी बोलणं झालंय, दिवाळीनंतर येतो म्हणाले. त्यांना अट घातली आहे की आमच्या गावातली दोन मुलं हाताखाली घ्यायची, त्यांची मजुरी आम्ही देऊ.

एक प्रश्न राहिला. ओसरीचे खांब जुन्या वाड्याच्या सागवानाचे घ्यावेत का? पाडकाम करणाऱ्यांकडे बघितले, भाव बरा वाटला.

स्ट्रक्चरवाली

घ्या, पण प्रत्येक खांब बुडापासून तपासा. जमिनीलगतचा हात-दीड हात भाग बहुतेक वेळा ओलीने किंवा वाळवीने पोखरलेला असतो आणि वरून रंग मारलेला असतो. टोच्याने टोचून बघा, ठोकून आवाज ऐका. खालचा भाग कापून टाकला तरी चालेल, तेवढा दगडी तळखडा उंच घ्या. आणि पोकळीच्या भिंतीत कोपऱ्यांना आणि दारा-खिडक्यांच्या कडेला उभ्या सळया घालायला सांगा, त्या पोकळीतूनच जातात. चौकाच्या उतारासकट आराखडा इथे टाका. पहिल्या पावसात चौकातलं पाणी कुठून बाहेर जाणार ते मला कागदावर बघायचं आहे.

औसेकर

आराखडा टाकला की मलाही कळवा. गावी भावाचं घर निघालंय. तो पत्रा म्हणतोय, त्याला हे दाखवीन.